मळवलीचा दगड आणि घरोघरचा देव



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली, त्याचा हा अंक. कुणी विणेकऱ्यांवर लिहिणार, कुणी मुक्कामाच्या गावांवर लिहिणार. आम्हाला मंडळींनी सांगितलं, बुवा, तुम्ही काहीतरी जुना इतिहास लिहा. आम्ही शेतकरी माणूस, शिक्षण चौथी, भात लावणं आणि हरिकीर्तन करणं एवढंच येतं. पण आपल्या मावळातला एक इतिहास असा आहे की तो घरोघरी भिंतीवर टांगलेला आहे, त्याला रोज हळदकुंकू लागतं, उदबत्ती ओवाळली जाते, आणि तरी तो इतिहास आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. तो म्हणजे देवाची तसबीर. ही तसबीर छापणारा माणूस कोण, त्यानं ती कशी छापली, त्यात त्याचं काय झालं, ते आज सांगायचं आहे.

आधी हे बघा, की तसबीर नव्हती तेव्हा काय होतं. देव्हाऱ्यात टाक होते. पितळेचे, ज्याला ऐपत त्याचे चांदीचे. त्यावर खंडोबा घोड्यावर बसलेला अंगठ्याएवढा. बाकी देव बघायचा तर देवळात जायचं. आणि देवळात सगळ्यांना जाता येत होतं का? नव्हतं. चोखोबारायांची समाधी पंढरीत महाद्वारासमोर आहे, आणि त्यांच्या जातीच्या लोकांना पुढं शेकडो वर्षं तिथूनच माघारी फिरावं लागलं. दीडदोनशे मैल चालत जायचं, चंद्रभागेत बुडी मारायची आणि कळसाला हात जोडून परत फिरायचं. साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात दहा दिवस उपास केला तेव्हा कुठं विठ्ठलाचं दार सगळ्यांना मोकळं झालं. म्हणजे आपली दिंडी सुरू झाली तेव्हासुद्धा ते दार काही लोकांना बंदच होतं. हे मनात ठेवून पुढचं ऐका, म्हणजे कागदाच्या तसबिरीची किंमत कळेल.

आता तो माणूस. त्याचं नाव राजा रविवर्मा. जन्म 1848 सालचा, पार खाली त्रावणकोर संस्थानात, किळिमानूर नावाच्या गावी. घराणं मोठं. लहानपणी कोळसा घेऊन भिंती रंगवायचा. घरच्या मामाला चित्रकला येत होती, त्यानं पोराचा गुण ओळखला आणि राजधानीला नेलं. पण तेलरंगात चित्र काढायची विद्या तिथं नवी होती आणि ज्याला येत होती तो शिकवायला तयार नव्हता. एक विलायती चित्रकार दरबारात आला, त्यानंही शिकवलं नाही, नुसतं बघत उभं राहायला परवानगी दिली. पोरगं बघून बघून शिकलं. आम्हाला हे फार जवळचं वाटतं. आमच्याकडे पखवाज शिकणारी निम्मी पोरं अशीच शिकतात, वाजवणाऱ्याच्या बोटांकडं टक लावून.

पुढं त्यांची कीर्ती झाली. 1873 साली परदेशात व्हिएन्ना शहरात चित्राला बक्षीस मिळालं. राजेरजवाड्यांची चित्रं काढली. धाकटा भाऊ राजा राजवर्मा, तोही चित्रकार, जन्मभर त्यांच्याबरोबर फिरला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चौदा चित्रं काढायला सांगितली. त्यासाठी हे दोघे भाऊ हिंदुस्थानभर हिंडले, की पुराणातल्या बायांना नेसवायचं काय? प्रत्येक मुलखाचं नेसणं वेगळं. शेवटी त्यांच्या कितीतरी चित्रांतल्या बाया आपल्याकडचं नऊवारी लुगडं नेसल्या. हे आमच्या घरात सांगितलं तर म्हातारी म्हणाली, मग द्रौपदी काय दुसरं नेसणार होती?

ती चित्रं बडोद्याच्या राजवाड्यात लागायच्या आधी मुंबईत लोकांना दाखवली तेव्हा बघायला झुंबड उडाली. पण एकदा का ती वाड्यात गेली की संपलं. तेलरंगाचं चित्र एकच असतं आणि ते ज्यानं पैसे मोजले त्याच्या भिंतीवर जातं. ही अडचण त्याआधीच एका शहाण्या माणसानं ओळखली होती. सर टी. माधवराव, तंजावरकडचे मराठी बोलणारे, त्रावणकोर, इंदूर, बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झालेले. त्यांनी 1884 साली रविवर्म्यांना पत्र लिहिलं, की तुमच्या चित्रांना मागणी भरपूर आहे, तुम्ही दोघे हातानं किती काढणार? विलायतेत पाठवा आणि त्यांच्या रंगीत नकला छापून घ्या. रविवर्म्यांनी ते मनात धरलं आणि दहा वर्षांनी, 1894 साली, विलायतेत न पाठवता इथंच मुंबईत गिरगावात छापखाना काढला. यंत्रं जर्मनीची, कारागीर जर्मनीचे. पहिलं चित्र छापलं ते शकुंतलेच्या जन्माचं.

ही छपाई दगडावर व्हायची. याला शिळाछाप म्हणतात, आणि ही रीत मुळातून समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात कीर्तनाचा एक उत्तम दृष्टांत आहे.

जर्मनीत बव्हेरिया मुलखात सेनेफेल्डर नावाचा माणूस होता. नाटकं लिहायचा, छापायला पैसे नव्हते. सांगतात, की एकदा आईनं धोब्याला द्यायच्या कपड्यांची यादी लिहायला सांगितली, हाताशी कागद नव्हता, तर त्यानं मेणकट शाईनं ती दगडावरच लिहिली. त्यातून त्याला 1796 च्या सुमाराला ही युक्ती सुचली. तेल आणि पाणी एकत्र येत नाही, एवढीच ती युक्ती. तिथला चुन्याचा दगड बारीक पोताचा असतो, साय लावल्यासारखा. त्यावर चरबीच्या खडूनं चित्र काढायचं. मग डिंकाचं पाणी आणि थोडं तेजाब लावायचं, म्हणजे चित्राची चरबी दगडात मुरते. मग दगड पाण्यानं ओला करायचा. जिथं चित्र आहे तिथं चरबी, ती पाणी धरत नाही. बाकीचा दगड पाणी धरतो. आता तेलाच्या शाईचा रूळ फिरवला की ओला दगड शाईला नाकारतो आणि चित्राची रेघ तेवढी शाई घेते. वर कागद ठेवून दाबला की छाप उठला. दगड सपाटच आहे, कुठं खोदलेला नाही. आम्ही कीर्तनात सांगतो, की पाण्यात राहूनही ज्याला पाणी लागत नाही तो साधू. हे इंद्रायणीकाठच्या लोकांना निराळं सांगायला नको. गाथा आणि पाणी यांची गोष्ट आपण दरसाल ऐकतो.

हे झालं एका रंगाचं. पण तसबिरीत लक्ष्मीचं लुगडं लाल, कमळ गुलाबी, पाणी निळं, हत्ती करडा, दागिने पिवळे. तर प्रत्येक रंगाला दगड वेगळा. दहा-बारा रंग असतील तर दहा-बारा दगड, आणि एकच कागद तितक्या वेळा यंत्रातून जायचा. बहुधा फिकट रंग आधी आणि गडद मागाहून. प्रत्येक वेळी तो नेमक्या जागी बसला पाहिजे. केसाएवढा सरकला की देवीच्या ओठाचा लाल रंग हनुवटीवर. आणि कागद पावसाळी हवेत वाढतो, उन्हाळ्यात आक्रसतो. आपल्या मावळातला पाऊस तुम्हाला माहीत आहे. भिंती घाम गाळतात तिथं कागदाची काय कथा. सगळं झाल्यावर वरून चकाकी यायला वॉर्निश, म्हणजे तेलरंगाचं चित्र असल्यासारखं दिसावं.

आता खरी गोष्ट. दगडावरचं चित्र रविवर्मा काढत नव्हते. त्यांनी मूळ चित्र तेलरंगात करून द्यायचं. ते बघून छापखान्यातला कारागीर कुठला रंग किती हे डोळ्यानं सोडवायचा आणि एकेका दगडावर एकेक रंगाचा भाग टिपक्या टिपक्यांनी भरायचा. तोही उलटा, डावं उजवीकडं, कारण छाप उलटा उठतो. हजारो टिपके. चूक झाली तर दगडावर खोडरबर चालत नाही. आणि हवे तितके छाप काढून झाले की काय करायचं? दगड महाग, सातासमुद्रापलीकडून आलेला, दोघा-चौघांशिवाय न हलणारा. तर वाळू आणि पाणी टाकून एका दगडावर दुसरा दगड घासायचा, जुनं चित्र पुसून टाकायचं आणि त्याच दगडावर नवं काढायचं. ज्यानं महिनोन्महिने टिपके भरले त्याच्या डोळ्यांदेखत ते जायचं. तसबिरीच्या खाली नाव रविवर्म्यांचं, ते योग्यच आहे. टिपके भरणाऱ्याचं नाव कुठं नाही. आम्हाला याचा राग येत नाही, पण कीर्तनाच्या पत्रिकेवर बुवाचं नाव मोठं असतं आणि टाळकरी नुसते "व समस्त भजनी मंडळ", तेव्हा ही गोष्ट हटकून आठवते.

मधेच एक सांगून टाकतो, कारण राहून जाईल. मुंबईत मराठी माणसानं शिळाछाप रविवर्म्यांच्या कितीतरी आधी केला होता. गणपत कृष्णाजी त्यांचं नाव. त्यांनी मिशनरी लोकांचा छापखाना बघून स्वतःच लाकडाचं यंत्र केलं, इथलाच दगड धुंडाळून वापरला, शाई घरी केली आणि 1831 साली पंचांग छापलं. तेव्हा सोवळेवाले लोक छापील कागदाला शिवत नसत, शाईत चरबी म्हणून. तर त्यांनी शाईला तूप वापरलं असं सांगतात. आज पारायणाला छापील ज्ञानेश्वरी मांडीवर घेतो तेव्हा त्या तुपाची आठवण ठेवावी.

तर गिरगावातला छापखाना. 1896 साली मुंबईत प्लेगची साथ आली. माणसं शहर सोडून पळाली, कामगार मिळेना. तेव्हा 1899 साली रविवर्म्यांनी अख्खा छापखाना उचलून आपल्या मावळात, मळवलीला आणला. एका अंगाला कार्ल्याची लेणी आणि एकवीरा आई, दुसऱ्या अंगाला भाजे, वर लोहगड-विसापूर, शेजारून रेल्वे आणि इंद्रायणी. जे पाणी पुढं देहूला तुकोबारायांच्या पायाशी आणि आळंदीला माउलींच्या पायाशी जातं, त्याच्या काठावर देव छापायचं काम सुरू झालं. आपल्यातले बरेच जण मळवली स्टेशनावरून शेकडो वेळा गेले असतील. किती जणांना हे ठाऊक होतं?

पण धंदा चालला नाही. कर्ज झालं. यंत्राचा खर्च, परदेशी कारागिरांचे पगार, प्लेगचा फटका, त्यात रविवर्मा चित्रकार, हिशेबाचा माणूस नव्हे. विसावं शतक उजाडताच त्यांनी छापखाना आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला, चित्रं छापायच्या हक्कासकट विकून टाकला. ज्या चित्रांनी घरोघर लक्ष्मी नेली त्यांच्या मालकाच्या घरातून ती गेली. नंतर 1905 साली पाठचा भाऊ वारला आणि दुसऱ्याच वर्षी, 1906 च्या ऑक्टोबरात, रविवर्माही गेले. पुढं शिकलेल्या काही लोकांनी त्यांना नावं ठेवली, की ही कॅलेंडरची चित्रं, यात कला नाही. ठेवोत बापडे. त्यांच्याकडे देवळात जायचा हक्क होता आणि चित्रं बघायला राजवाडेही होते.

श्लायशरनं मात्र छापखाना चालवला. देवांबरोबर मालाच्या जाहिराती आणि लेबलं छापली, पैसा आणला. दुसऱ्या चित्रकारांकडूनही चित्रं करून घेतली. त्यात आपले कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते विद्यार्थी आणि शिक्षक म्हणून एकेचाळीस वर्षं होते. गोष्टींच्या पुस्तकांतली चित्रं, पोस्टकार्डं, देवादिकांच्या तसबिरी, हातानं कधी उसंत घेतली नाही. आणि याच छापखान्यात आणखी एक माणूस कामाला होता, धुंडिराज गोविंद फाळके. गाव त्र्यंबकेश्वर, म्हणजे आपल्या निवृत्तिनाथांच्या समाधीचं. प्लेगात बायको आणि मूल गमावलेला हा माणूस फोटोवरून छापायच्या कामात तरबेज झाला, स्वतःचा छापखाना काढला, तिथंही बिनसलं, आणि 1913 साली त्यानं "राजा हरिश्चंद्र" हा सिनेमा दाखवला. दगडावरचा देव पडद्यावर चालायला लागला.

घरात आणि वाडीवस्तीवर काय झालं, ते मात्र कुठल्या बुकात सापडायचं नाही, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलेलं सांगतो. बाजारातून तसबीर आणली की बाया तिला जरी शिवायच्या, टिकल्या आणि मणी चिकटवायच्या, देवीला खरंच नटवायच्या. आणि महारवाड्यात, मांगवाड्यात, ज्यांना पायरीच्या पुढं जाता येत नव्हतं त्यांच्या कुडाच्या भिंतीवर देव येऊन बसला. मधे बडवा नाही, दार नाही. कागदाला विटाळ कळत नाही. आमचे आजोबा म्हणायचे, की तिकडच्या वस्तीत एकादशीला भजन व्हायचं ते तसबिरीपुढं, आणि आपल्या आळीतलेही काही जण अंधार पडला की तिथं जाऊन टाळ धरून बसायचे. दिवसा मात्र नाही. हेही लिहून ठेवलं पाहिजे, आपण शंभर वर्षांचा गौरव लिहितो आहोत म्हणून.

मळवलीचा तो छापखाना 1972 साली आगीत जळाला. ते साल म्हटलं की सगळ्या महाराष्ट्राला दुष्काळ आठवतो, त्यामुळं या आगीची गोष्ट बाजूलाच राहिली. तोवर नवी छपाई आली होती. आता दगडावर कुणी तसबिरी छापत नाही.

पण ज्या छापल्या गेल्या त्या अजून आहेत, आणि त्यासाठीच हा लेख लिहिला. दर दिवाळीला घरं झाडताना जुन्या तसबिरी पिंपळाखाली नाहीतर इंद्रायणीत जातात. काच फुटली, कागद पिवळा पडला, नवी आणली. यंदा टाकायच्या आधी एक करा. चौकटीच्या मागचे खिळे हलक्या हातानं काढा आणि चित्राच्या खालच्या कडेला बारीक इंग्रजी अक्षरं आहेत का, ते शाळेत जाणाऱ्या नातवाला वाचायला सांगा. रविवर्मा प्रेस, कार्ला, लोणावळा, असं काही निघालं तर ती तसबीर मावळातली आहे. मग भिंग घ्या आणि देवीच्या गालावर धरा. गुलाबी टिपके दिसतील, त्यांच्या मधे पिवळे, कडेला तपकिरी, मोजता येणार नाहीत इतके. आपल्या दिंडीच्या सामानाच्या पेटीतली लक्ष्मीची तसबीर आम्ही अशीच बघितली. डाव्या गालावर लाल रंग जरासा सरकलेला आहे. त्या दिवशी मळवलीला पाऊस असावा.