पहिला भाग टाकला, आता पुढे काय? ताराबाई, हरिभाऊ आणि आपण

जानेफळहून बोलतोय. ज्यांना ऐकायला वेळ होत नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून टाकतोय. बोलण्यातला फापटपसारा बराच काढलाय, थोडा राहिला असेल तर चालवून घ्या.

मला हल्ली सगळ्यात जास्त मेसेज एकाच विषयावर येतात. 'दादा, कथा लिहिलीय. मोबाइलवर कुठे टाकू? एक भाग किती मोठा ठेवू? लोकांनी वाचावं म्हणून काय करू?' आता मी काही कथालेखक नाही, जुन्या गोष्टी सांगणारा माणूस. पण हे प्रश्न नवे नाहीत, एवढं नक्की सांगू शकतो. पहिल्यांदाच लोकांसमोर काही लिहून ठेवणं, गोष्ट भागाभागाने सोडणं, अनोळखी वाचकाच्या शिव्या खाणं, हे सगळं मराठीत सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेलंय. आणि त्यातलं एक प्रकरण तर आपल्याच जिल्ह्यातलं आहे.

ताराबाई शिंदे, बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. ताराबाई कुठल्या शाळा-कॉलेजात गेल्या नाहीत, घरीच शिकल्या. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर खटला चालला. बदनामीच्या भीतीने तिने आपलं नवजात मूल मारलं, असा आरोप. आधी फाशीची शिक्षा झाली, अपिलात ती काळ्या पाण्याची झाली. त्यावर वर्तमानपत्रांतून बायकांच्या वागण्यावर चिखलफेक सुरू झाली, आणि 'पुणे वैभव' हे पत्र त्यात पुढे होतं. ताराबाईंनी उत्तर लिहिलं. 'स्त्रीपुरुष तुलना', १८८२, पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलेलं. ५०० प्रती, किंमत नऊ आणे.

हे पुस्तक म्हणजे कथा नव्हे, मान्य. पण मी ते कथा लिहिणाऱ्यांना मुद्दाम वाचायला सांगतो. एक तर भाषा. समोर बसलेल्या माणसाला फटकारावं तसं त्या लिहितात. प्रश्न विचारतात, टोमणे मारतात, घरातल्या म्हणी वापरतात. विद्वान दिसायची धडपड कुठेच नाही. आणि दुसरं म्हणजे, गोष्टी लिहिणाऱ्यांनाही त्या सोडत नाहीत. तेव्हा मराठी कादंबरी अगदी पोरवयात होती. 'मुक्तामाला' १८६१ची, 'मंजुघोषा' १८६८ची. राजपुत्र, सुंदर नायिका, अद्भुत प्रसंग, संकटं आणि शेवट गोड, अशी फॅशन. नाटका-कादंबऱ्यांतून बायका ज्या पद्धतीने रंगवल्या जातात, त्यावर ताराबाई सरळ बोट ठेवतात. माझ्या मते, बुलढाण्यातून नवलेखकांना गेलेला हा पहिला सल्ला: ज्यांच्याबद्दल लिहिता त्यांच्याकडे आधी नीट बघा.

आज मोबाइलवरच्या कितीतरी कथांत नायक अब्जाधीश असतो, रागीट असतो आणि नायिकेला त्याच्याशी जबरदस्तीने लग्न करावं लागतं. लिहिणारी पोरगी मेहकरच्या बस स्टँडवर रोज तासभर उभी असते, तिथलं काय काय बघत असते, आणि कथेत मात्र लंडनचं विमान. बाबांनो, लिहा, हौस आहे तर लिहा. पण तो बस स्टँड फुकट मिळालेला माल आहे, तो का सोडता?

असो. मूळ मुद्द्यावर येतो. पुस्तक आलं आणि ताराबाईंची टिंगल झाली. सनातनी लोक चिडले ते चिडलेच, पण सत्यशोधक चळवळीतल्या पुरुषांनीही नाकं मुरडली. महात्मा फुल्यांना ते सहन झालं नाही. १८८५ साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली आणि आपल्याच सहकाऱ्यांना सुनावलं. केवढा मोठा माणूस पाठीशी उभा राहिला बघा. तरीही ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही.

पुस्तकाच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय की हा माझा लिहिण्याचा पहिलाच प्रसंग आहे. तो पहिलाच आणि शेवटचाच ठरला. मला याचं वाईट वाटतं, आणि राग पण येतो. परवा एका श्रोतीने लिहिलं की पाच भाग टाकले होते, एकाने घाण कमेंट केली म्हणून रात्रीतून सगळे काढून टाकले. घरच्यांनी बघितलं तर फोनच काढून घेतील, ही भीती. तिला मी 'दुर्लक्ष कर' म्हणालो नाही. ते म्हणायला फार सोपं असतं, आणि फोन माझा जाणार नसतो. तिला म्हटलं, टोपणनावाने लिही, कमेंट बंद ठेव, आणि लोकांना दाखवायच्या आधी भरवशाच्या एकाच माणसाला वाचायला दे. मैत्रीण असो, मावशी असो.

आता गंमत बघा. ज्या 'पुणे वैभव'मुळे ताराबाई पेटल्या, त्याच पत्रात १८८५ साली एका एकवीस वर्षांच्या पोराची कादंबरी क्रमशः यायला लागली. कादंबरी 'मधली स्थिती', पोरगा हरी नारायण आपटे. म्हणजे आपले हरिभाऊ. या पहिल्या कादंबरीवर रेनॉल्ड्स नावाच्या इंग्रज लेखकाची दाट सावली आहे. तेव्हा रेनॉल्ड्स म्हणजे आजच्या थरारक वेबसिरीजसारखा, सगळे वाचायचे. नवशिक्याने कुणाचं तरी वळण गिरवणं हे इतकं जुनं आहे. कुणासारखं तरी लिहिताय म्हणून लाजू नका, फक्त पुढच्या गोष्टीत त्याचा हात सोडा. हरिभाऊंनी सोडला.

१८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' हे स्वतःचं साप्ताहिक काढलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो' सुरू केली. ती १८९३ पर्यंत चालली. यमू नावाची मुलगी स्वतःची गोष्ट स्वतः सांगते. लहानपण, भाऊ, लग्न, सासर, आणि मग वैधव्य, केशवपन. वाचताना आजही विसरायला होतं की लिहिणारा पुरुष आहे. हे जमलं कसं? एक कारण मला दिसतं ते असं की त्यांना घाई नाही. यमूच्या घरातली भांडणं, कुणी कुणाला काय बोललं, कोण कुठे बसलं, हे ते निवांत सांगत राहतात. पुढे तिच्यावर जे कोसळतं ते बातमीसारखं वाटत नाही, आपल्या घरात झाल्यासारखं वाटतं. दर भागाच्या शेवटी कुणाचा तरी खून पाडायलाच हवा, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे एकदा तपासून बघावं.

दुसरं कारण काशीबाई कानिटकर. त्या हरिभाऊंच्या मैत्रीण आणि स्वतः लेखिका. त्यांची 'रंगराव' कादंबरी पुस्तकरूपाने १९०३ साली आली. दोघांचा पत्रव्यवहार होता, एकमेकांच्या लिखाणावर बोलणं होतं. हरिभाऊंच्या हाताशी छापायला जागा होती आणि वाचून खरं सांगणारं माणूस होतं. ताराबाई बुलढाण्यात, छापखाना पुण्यात, आणि पुढचं लिखाण कुठे द्यायचं याचा पत्ता नाही. माझं मत विचाराल तर दोघांच्या वाटा इथे वेगळ्या झाल्या. लेखणीची धार म्हणाल तर ताराबाईंची जास्त होती.

म्हणून 'कुठे टाकू' या प्रश्नावर माझं उत्तर असं, की पहिला भाग टाकायच्या आधी निदान पुढचे चार-पाच भाग लिहून ठेवा. तुमच्याकडे 'करमणूक' नाही. पहिल्या भागाला सात वाचक आले, त्यातले तीन घरचे, की हात गळतात. पुढचं तयार असलं तर निदान ते टाकायला तरी परत यावं लागतं. क्रमशः लिहिण्याचा धोका खुद्द हरिभाऊंनाही चुकला नाही. 'आजच' आणि 'कर्मयोग' अपुऱ्याच राहिल्या. एवढ्या मोठ्या माणसाचं हे झालं, तर तुम्ही-आम्ही कोण? पहिल्यांदा लिहिताय तर दहा भागांत संपेल अशी गोष्ट घ्या. दोनशे भागांचं नंतर बघू.

वऱ्हाडीत लिहावं का, हाही प्रश्न फार येतो. 'लोक हसतील' म्हणतात. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० ची आहे. त्यातली कौतिक आणि तिच्या घरची माणसं अस्सल वऱ्हाडी बोलतात, आणि ती कादंबरी मराठीतल्या महत्त्वाच्या कादंबऱ्यांत धरली जाते. आपल्या अमडापूरचे सदानंद देशमुख घ्या. 'बारोमास' २००२ ची, शेतकऱ्याच्या शिकलेल्या पोराची गोष्ट, २००४ ला साहित्य अकादमी मिळालं. तेव्हा हसू द्या. फक्त एक सांभाळा. वऱ्हाडी बोलणारं पात्र दिसलं की ते विनोदीच असणार, ही सवय टीव्हीने लावलीय. आपली आजी काय दिवसभर विनोद करत असते का?

तंत्र शिकायचं असेल तर ना. सी. फडक्यांचं 'प्रतिभासाधन' आहे, १९३१ चं. सुरुवात कशी करावी, उत्कंठा कशी वाढवावी, सगळं आहे. दोन-तीन कथा लिहून झाल्यावर वाचा. आधी वाचलं तर लिहिण्याऐवजी नुसते नियमच मोजत बसाल.

शेवटचं, आणि हे आजच करा. 'स्त्रीपुरुष तुलना' जवळजवळ विसरलं गेलं होतं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं, म्हणजे तब्बल ९३ वर्षांनी. एवढ्या काळात त्या ५०० पैकी प्रत कुठेतरी टिकून राहिली, म्हणून आज आपण हे बोलतोय. तुमची कथा जर फक्त एका ॲपमध्ये असेल, तर ते ॲप बंद पडलं किंवा पासवर्ड विसरला की संपलं. प्रत्येक भाग स्वतःलाच ईमेल करून ठेवा. जमलं तर मेहकरला झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून फायलीला लावा, वर तारीख टाका.

पुढच्या भागात काशीबाई कानिटकरांवर बोलू, त्या चोरून वाचायला कशा शिकल्या, तिथून सुरुवात करू. तोवर पाच भाग लिहून झाले असतील तर मला नंतर पाठवा, आधी त्या मावशीला द्या.