स्वस्त जपानी कापडाचा हिशेब

आपलाच कापूस समुद्रापार नेऊन विणलेले कापड जपानी गिरण्या मुंबईत गिरणगावापेक्षा स्वस्त विकत. बाजारातला त्यांचा वाटा वाढला, तसे आपल्या गिरणीमालकांनी बोट दाखवले ते तिथल्या बायकांच्या रात्रपाळीकडे. मला हे कारण अपुरे वाटते. १९२९ मध्ये ती रात्रपाळी बंद झाली, तरी माल येतच राहिला. टोयोडाच्या स्वयंचलित मागांवर एकेक कामगार पंचवीस-तीस माग सांभाळी. मुंबईचा विणकर बहुधा दोन. इथले माग बहुतेक साधेच, पण मालकांनी माणशी काम वाढवू पाहिले आणि १९२८ चा सहा महिन्यांचा संप ओढवला. १९३१ अखेर येन घसरला. कापड आणखी स्वस्त झाले. १९३३ मध्ये ब्रिटिशेतर कापडावर ७५ टक्के जकात बसली, तेव्हा जपानने कापूसच घेणे थांबवले. गिरणीचे संरक्षण वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या अंगावर आले!