जर्मनीचं वर्क परमिट कसं मिळतं? ‘गॅरंटी’ देणाऱ्याला पैसे देण्याआधी हे वाचा

‘युरोपचं वर्क परमिट, तीन महिन्यांत. अर्धे पैसे आत्ता, अर्धे व्हिसा आल्यावर.’ अशी एखादी जाहिरात तुमच्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर येऊन गेली असेल. ती पाहून कुणी दागिने गहाण ठेवतं, तर कुणी जमीन विकायला काढतं. त्यामुळे खरी पद्धत काय आहे, हे आधी समजून घेतलेलं बरं.

पहिली गोष्ट म्हणजे, संपूर्ण युरोपात चालेल असं एकच वर्क परमिट नसतं. प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात. दुसरी गोष्ट, शेंगेन टुरिस्ट व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, पण नोकरी करता येत नाही. ‘आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर परमिट करून देऊ’ असं कुणी सांगत असेल तर तिथेच थांबा.

आता भारतीयांची मोठी मागणी असलेल्या जर्मनीचं उदाहरण घेऊ. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन सरकारने कुशल भारतीयांना दरवर्षी देण्याच्या व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याची घोषणा केली. संधी खरी आहे, पण ती ठरलेल्या टप्प्यांनीच मिळते.

१. तुमची डिग्री तिथे चालते का?

सुरुवात इथून होते. जर्मनीची ‘अनाबिन’ नावाची सरकारी वेबसाइट मोफत पाहता येते. तिच्यावर तुमचं विद्यापीठ आणि डिग्री शोधा. विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ असेल तर त्याला मान्यता आहे. डिग्री यादीत नसेल तर ‘झेडएबी’ या जर्मन सरकारी कार्यालयाकडून तुलनेचं प्रमाणपत्र मागवावं लागतं.

डॉक्टर आणि नर्स यांच्यासाठी नियम जास्त कडक आहेत. तिथल्या संबंधित राज्याकडून शिक्षणाला मान्यता घ्यावी लागते आणि जर्मन भाषाही यावी लागते. नर्सिंगसाठी साधारणपणे बी२ पातळी धरून चला. आयटीवाल्यांना मात्र सवलत आहे. डिग्री नसली तरी गेल्या ७ वर्षांत किमान ३ वर्षांचा योग्य दर्जाचा अनुभव असेल तर पुढे सांगितलेलं ब्लू कार्ड मिळू शकतं.

२. नोकरी आणि पगार

कंपनीची लेखी ऑफर हवी. उच्चशिक्षितांसाठी ‘ईयू ब्लू कार्ड’ हा सर्वात सोयीचा मार्ग. त्यासाठी २०२५ साली वर्षाला किमान ४८,३०० युरो पगाराची अट होती. मनुष्यबळ कमी असलेल्या क्षेत्रांसाठी आणि नव्याने पदवी घेतलेल्यांसाठी ती सुमारे ४३,७६० युरो होती. हे आकडे दर जानेवारीत बदलतात, म्हणून अर्ज करताना त्या वर्षीचा आकडा पाहा.

अनेक प्रकरणांत जर्मनीच्या केंद्रीय रोजगार संस्थेची संमती लागते. भारतात तेच काम करणाऱ्याला किती पगार मिळतो, हे ती पाहत नाही. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या तुलनेत तुम्हाला कमी पगारात राबवलं जात नाही ना, हे ती तपासते.

३. व्हिसा

जर्मनीत ‘वर्क परमिट’ नावाचं वेगळं कार्ड नसतं. काम करण्याची परवानगी व्हिसावर आणि नंतर निवास परवान्यातच नोंदवलेली असते. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या लोकांचे अर्ज मुंबईतल्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. लांब मुदतीच्या या ‘डी’ व्हिसाचं सरकारी शुल्क ७५ युरो आहे. घाई असेल तर कंपनी जर्मनीतूनच जलद प्रक्रिया सुरू करू शकते. तिचं शुल्क ४११ युरो आहे.

४. पोहोचल्यावर

घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं. त्यानंतर परदेशी नागरिक कार्यालयातून निवास परवाना मिळतो. ब्लू कार्डवर पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलायची असेल तर या कार्यालयाला कळवावं लागतं. नियमित काम आणि पेन्शनचा भरणा असेल तर ब्लू कार्डवाल्यांना २७ महिन्यांनी, आणि जर्मन भाषा बी१ पातळीची असेल तर २१ महिन्यांनी कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो.

नोकरी हातात नसेल तर?

जून २०२४ पासून ‘चान्सेनकार्टे’ म्हणजे संधी कार्ड सुरू झालं आहे. शिक्षण, अनुभव, वय आणि भाषा यांचे मिळून किमान ६ गुण झाले तर एक वर्ष तिथे राहून नोकरी शोधता येते. या काळात आठवड्याला २० तास काम करता येतं. पण खर्चाची सोय दाखवावी लागते. २०२५ साली ही रक्कम महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाला १३,०९२ युरो होती. हे पैसे तुमच्याच नावावरच्या खात्यात राहतात, एजंटच्या नाही.

एजंट खरा की खोटा?

परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटकडे भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी असावी लागते. ‘ई-मायग्रेट’ या सरकारी पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी पाहता येते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालच्या नियमांनुसार एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, आणि पावती द्यावीच लागते.

पैसे देण्याआधी एवढं करा:

• ऑफर लेटरवरच्या कंपनीची अधिकृत वेबसाइट स्वतः शोधा आणि तिथल्या पत्त्यावर ईमेल करून ऑफर खरी आहे का ते विचारा.
• मुलाखत झालीच नाही आणि तरी ऑफर आली, तर संशय घ्या.
• मूळ पासपोर्ट एजंटकडे ठेवू नका.
• रोख रक्कम देऊ नका.

व्हिसा द्यायचा की नाही, हे फक्त दूतावास ठरवतो. म्हणून ‘शंभर टक्के गॅरंटी’ कुणीच देऊ शकत नाही. एजंटला द्यायला काढलेले पैसे आधी भाषेच्या क्लासला लावा. व्हिसा नाही झाला तरी शिकलेली भाषा तुमच्याकडेच राहते.