दोन वाजून चौदा मिनिटांनी थांबलेली नोंद

१४ ऑगस्ट २००३, गुरुवार. अमेरिकेच्या ओहायो राज्यात उकाडा होता आणि एसी जोरात चालू होते, तरी विजेची मागणी उन्हाळ्यातल्या इतर तापलेल्या दिवसांसारखीच होती. हे आधी सांगायला हवं, कारण पुढे वीजजाळं कोसळलं ते विजेच्या तुटवड्यामुळे नाही. जाळ्यात काय चाललंय हे ज्यांना तत्क्षणी दिसायला हवं होतं, त्यांना ते दिसलं नाही.

दुपारी १२.१५
मिसो ही संस्था इंडियानातल्या कार्मेलहून अनेक राज्यांच्या वीजजाळ्यावर देखरेख ठेवते. जाळ्याच्या सद्यस्थितीचं गणित मांडणारं तिचं सॉफ्टवेअर अडलं, कारण एक लाइन बंद असल्याची माहिती त्याच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. तंत्रज्ञाने चूक शोधून सुधारली. पण दर पाच मिनिटांनी गणित आपोआप चालवणारी सोय पुन्हा सुरू करायची राहिली, आणि तो जेवायला गेला.

१.३१
क्लीव्हलँडजवळचा ईस्टलेक ५ हा ५९७ मेगावॉटचा संच बंद पडला. एवढ्याने जाळं कोसळत नाही.

२.१४
या भागाला वीज पुरवणाऱ्या फर्स्टएनर्जी कंपनीच्या कंट्रोल रूममधली अलार्म आणि घटनानोंदीची यंत्रणा इथे थांबली. संगणकातल्या दोन प्रक्रियांना एकाच वेळी एकाच माहितीवर लिहिण्याची मुभा मिळाली, माहिती बिघडली आणि अलार्मचा प्रोग्रॅम न संपणाऱ्या फेऱ्यात अडकला. लाइन ट्रिप झाल्याच्या नोंदी येत राहिल्या, रांगेत साचत राहिल्या. पडद्यावर त्यांतली एकही उमटली नाही. अलार्म मेला आहे हे सांगणारा दुसरा अलार्म नव्हता. ऑपरेटरांना शांत पडदा म्हणजे शांत जाळं वाटलं, आणि त्यासाठी मी त्यांना दोष देऊ शकत नाही. वर्षानुवर्षं त्या पडद्याने त्यांना हेच शिकवलं होतं.

२.३२
शेजारच्या एईपी कंपनीतून फोन आला. स्टार–साउथ कँटन ही ३४५ किलोव्होल्टची लाइन पाच मिनिटांपूर्वी ट्रिप होऊन परत जोडली गेली, तुमच्याकडे काय दिसतंय? फर्स्टएनर्जीच्या ऑपरेटरकडे तशी काही नोंद नव्हती.

२.४१ ते ३.०८
साचलेल्या रांगेच्या ओझ्याने मुख्य सर्व्हर बसला. सगळं काम राखीव सर्व्हरवर गेलं, अडकलेल्या अलार्मसकट. तेरा मिनिटांत तोही बसला. एक ते तीन सेकंदांत ताजे होणारे पडदे आता ५९ सेकंद घेऊ लागले. आयटीच्या लोकांना पेजरवर आपोआप निरोप गेला, त्यांनी सर्व्हर पुन्हा सुरू केले, ३.०८ला काम झालं. सर्व्हर चालू झाले, पण अलार्म सुरू झाला का, हे त्यांनी कंट्रोल रूमला विचारून पाहिलं नाही. तो सुरू झालाच नव्हता.

नोंदी साचत राहतात, पण वेळेवर दिसत नाहीत, ही अवस्था बँकांच्या मेनफ्रेम सांभाळणाऱ्यांना ओळखीची वाटेल. आयबीएमच्या मेनफ्रेमवर एसएमएफ ही यंत्रणा कामांच्या आणि फाइलींच्या हालचालींची बारीक नोंद ठेवते. त्या नोंदी आधी साठवायच्या, मग डंप करून, बहुधा रात्रीच्या बॅचमध्ये वाचायच्या, अशी रीत वर्षानुवर्षं चालली. आता त्या थेट मेमरीतून, लिहिल्या जात असतानाच वाचता येतात. या सोयीला मी चैन मानत नाही. पण ओहायोचा अनुभव पाहता, नोंदींचा प्रवाहच थांबला तर ते कुणाला कसं कळेल, याचं उत्तरही तिथेच तयार हवं.

३.०५ ते ३.४१
छत्तीस मिनिटांत ३४५ किलोव्होल्टच्या तीन लाइन गेल्या. ३.०५ला हार्डिंग–चेंबरलिन, तीही क्षमतेच्या निम्म्याहून कमी भारावर; ३.३२ला हॅना–जुनिपर, ३.४१ला पुन्हा स्टार–साउथ कँटन, आणि या वेळी ती परत जोडली गेली नाही. तिन्हींच्या तारा खालच्या वाढलेल्या झाडांना टेकल्या. छाटणी झाली नव्हती. प्रत्येक लाइनचा भार पुढच्या लाइनवर गेला, तार तापली, आणखी लोंबली.

३.४२
बाहेरून फोनवर फोन येताहेत आणि पडद्यावर काहीच बदलत नाही, हे ऑपरेटरने आयटीला सांगितलं. यंत्रणा पूर्ण बंद करून नव्याने सुरू करण्याचा विषय निघाला. जाळं नाजूक अवस्थेत असताना आहे तो पडदाही घालवायला कंट्रोल रूम तयार झाली नाही.

याच सुमारास उपाय हाताशी होता, आणि महाराष्ट्रात तो घराघराला ठाऊक आहे: लोडशेडिंग. क्लीव्हलँड–अ‍ॅक्रन भागातला १,५०० मेगावॉट भार कापला असता तर पुढचं टळू शकलं असतं, असं चौकशी समितीने नंतर सांगितलं. तो कापण्यासाठी आधी संकट दिसायला हवं होतं.

४.०४
मिसोचं गणित पुन्हा आपोआप चालू लागलं.

४.०५.५७
सॅमिस–स्टार लाइन ट्रिप झाली. यावेळी झाड नव्हतं. वाढलेला प्रवाह आणि घसरलेलं व्होल्टेज यांना लाइनचं रक्षण करणाऱ्या रिलेने बिघाड मानलं. यानंतर माणसाच्या हातात काही राहिलं नाही.

४.१३
२६५ वीजकेंद्रांतले ५०८ संच बंद. अमेरिकेतली आठ राज्यं आणि कॅनडातला ओंटारिओ मिळून सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली.

सॉफ्टवेअरमधली ती चूक सापडायला कित्येक आठवडे लागले. घटनांचा क्रम लावणाऱ्या तपासपथकाची अडचण वेगळी होती: हजारो नोंदी होत्या, पण अनेक यंत्रांची घड्याळं एकमेकांशी जुळत नव्हती. कोणती लाइन आधी गेली हे ठरवण्यासाठी सेकंदा-सेकंदाचा हिशोब लावत त्यांना नोंदींचा क्रम जुळवावा लागला. म्हणून चौकशी समितीच्या एप्रिल २००४च्या अंतिम अहवालातली एक शिफारस सरळ घड्याळांबद्दलच आहे: घटना नोंदवणारी यंत्रं एकाच वेळेशी बांधलेली असणं सक्तीचं करा.