न खेळलेली खेळणी

वाल्टर बेन्यामिन १९२६च्या डिसेंबरात मॉस्कोला गेला. त्या मुक्कामाची त्याची रोजनिशी त्याच्या पश्चात प्रसिद्ध झाली. राजकारण, नाट्यगृहे आणि एक फसत चाललेले प्रेमप्रकरण यांच्या जोडीने तीत एक गोष्ट सारखी डोकावते : हा चौतीस वर्षांचा जर्मन समीक्षक कडाक्याच्या थंडीत बाजारांतून लाकडी आणि कागदी खेळणी शोधत हिंडतो आहे. तिथल्या खेळण्यांच्या संग्रहालयातही तो जातो, वस्तूंची छायाचित्रे मागवतो. पुढे १९२८ साली बर्लिनमधील जुन्या खेळण्यांच्या एका प्रदर्शनावर आणि कार्ल ग्र्योबर याने लिहिलेल्या खेळण्यांच्या इतिहासावर त्याने लेख लिहिले. बेन्यामिन म्हटले की आपल्या विद्यार्थ्यांना यंत्रयुगातील कलाकृतीवरचा निबंध आठवतो. हे लेख सहसा वर्गाबाहेरच राहतात. जुनी खेळणी जमवण्याच्या छंदाचे रूप कसे पालटत गेले हे पाहायचे, तर आरंभ इथूनच करावा असे आम्हांला वाटते.

बेन्यामिनचे म्हणणे थोडक्यात असे की, जुन्या काळी खेळणी हा स्वतंत्र धंदाच नव्हता. सुताराकडे लाकडी प्राणी, कासाराकडे धातूचे शिपाई, असे ते मुख्य कामाच्या कडेने होत असे. न्यूरेंबर्गसारख्या गावी कारागिरांच्या संघांचे नियम इतके कडक, की सुताराने केलेली बाहुली त्याने स्वतः रंगवायची नाही. आपल्याकडील वाचकाला इथे भातुकली आठवेल. मोठा हंडा घडवणारा तांबटच चिमुकला हंडाही घडवी. खेळण्यात एका समाजाचे काम, साहित्य आणि हात दिसतो, म्हणून ते जमवायचे, ही त्या पिढीची दृष्टी. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये आंरी द'आल्मान्य याने खेळण्यांचा जो भव्य इतिहास सिद्ध केला, त्यामागेही बव्हंशी हीच जिज्ञासा होती. तुटका पाय वा उडालेला रंग हा तेव्हा फारसा दोष नव्हता. बोदलेरने तर १८५३ सालच्या खेळण्यांवरील निबंधात मूल खेळणे फोडते ते आतला आत्मा पाहण्यासाठी, असे सुचवले होते. हा विचार मान्य केला, तर अभंग खेळणे म्हणजे अर्धवट राहिलेले खेळणेच ठरेल.

दुसरा टप्पा कारखान्यातल्या खेळण्यांचा. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३४पासून डिंकी या नावाने ओतीव धातूच्या छोट्या मोटारी विकायला घेतल्या. त्यांच्याशी खेळलेली मुले मोठी झाली आणि आपलेच हरवलेले बालपण शोधू लागली. संग्राहकाच्या हेतूत पडलेला हा फरक लहान नव्हे. बेन्यामिन परक्या देशातील, परक्या हातांची वस्तू शोधत होता. हे स्वतःची वस्तू शोधत होते. एडिंबरोचे बालपण-संग्रहालय १९५५चे, लंडनचे पोलॉक खेळणी-संग्रहालय १९५६चे. (एडिंबरोच्या संग्रहालयाचे संस्थापक पॅट्रिक मरे यांना मुलांची फारशी आवड नव्हती अशी त्यांची ख्याती आहे, ती या छंदाला अगदीच विजोड म्हणता येणार नाही.) १९६६ साली सेसिल गिब्सन यांचा ब्रिटिश डिंकी खेळण्यांचा इतिहास आला, आणि क्रमांकवार नोंदींचे राज्य सुरू झाले. नोंदी हाती येण्यापूर्वी संग्राहक मिळेल त्यात रमे. नंतर त्याला काय नाही ते दिसू लागले. तोच क्रमांक, पण चाकांचा रंग निराळा, म्हणजे वस्तूच निराळी! पूर्वी खरचटलेली मोटार हौसेने नव्याने रंगवणे म्हणजे तिची सेवा समजली जाई. पुढे तेच पाप ठरले.

आणि मग आली पेटी. गंमत अशी की, १९५०च्या दशकाच्या आरंभापर्यंत बहुतेक डिंकी मोटारी दुकानदाराकडे अर्धा-अर्धा डझनाच्या खोक्यातून येत. प्रत्येकीला स्वतःची पेटी नव्हतीच. आज त्यानंतरच्या मोटारीची किंमत पेटीसह आणि पेटीविना यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. १९७७च्या नाताळात ‘स्टार वॉर्स’च्या बाहुल्या वेळेवर तयार न झाल्याने अमेरिकेतील केनर कंपनीने चक्क रिकामे पाकीट विकले : आत एक प्रमाणपत्र, ते टपालाने पाठवायचे आणि बाहुल्या मागाहून यायच्या. ते कागदी पाकीटही आता संग्राह्य वस्तू झाले आहे. याच मालिकेतील बोबा फेट या पावणेचार इंची बाहुलीच्या पाठीवर १९७९ साली उडते अग्निबाण बसवायचे ठरले होते. मुलाच्या घशात अडकेल या भीतीने तो बेत सोडला गेला. हाताशी उरले ते काही नमुने. त्यांतला एक २०२४ साली ५ लाख २५ हजार डॉलरना विकला गेला. जगातील अत्यंत महागड्या ‘जुन्या खेळण्यां’पैकी हे एक, आणि ते कोणत्याही मुलाच्या हाती जाऊ नये असे कारखान्यानेच ठरवलेले.

१९९५ साली ईबे सुरू झाल्यानंतर भाव साऱ्या जगाला एकाच वेळी दिसू लागला. बाहुली पारदर्शक पेटीत मोहोरबंद करून तिला गुण देणाऱ्या संस्था निघाल्या. गुण मिळालेली पेटी सहसा कोणी उघडत नाही.

संग्राहकांवर तोंडसुख घेण्याचा आमचा हेतू नाही. त्यांच्याविना यातले पुष्कळसे भंगारातच गेले असते, आणि त्यांच्या याद्यांइतकी चिकाटी आमच्या वाङ्मयसूचींत अभावानेच आढळते. प्रश्न इतकाच की या याद्या काय नोंदतात. न्यूरेंबर्गच्या टिप कंपनीचे ज्यू मालक फिलिप उलमान १९३३ साली जर्मनी सोडून इंग्लंडला आले. त्यांनी उभारलेल्या मेटॉय कंपनीतूनच १९५६ साली कोर्गी मोटारी निघाल्या. इकडे मालकाविना उरलेल्या टिप कारखान्यातून हिटलरच्या मोटारीचे पत्र्याचे खेळणे बाहेर पडत होते. सूचीत या दोन्ही गोष्टी येतात, पण येतात त्या निर्मात्याचे नाव, वर्ष, लांबी आणि अवस्था या रकान्यांपुरत्या. कोर्गी आणि ते पत्र्याचे खेळणे एकाच घराण्याच्या इतिहासाची दोन टोके आहेत, हे त्या रकान्यांत मावत नाही.

डिंकीचे काही साचे वापरून झाल्यावर भारतात आले आणि १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कलकत्त्यात त्यांतून निकी या नावाने मोटारी निघू लागल्या. झिजलेल्या साच्यांतून आलेल्या, रंग जरा जाडसर. त्या आज पाश्चात्त्य संग्राहक शोधून काढतात, ‘डिंकीचा भारतीय प्रकार’ म्हणून. आमच्या मते त्यांची खरी नोंद वेगळीच व्हायला हवी. ओरखडे कुठे पडले, कोणत्या मोटारीची चाके आधी गेली, घरी केलेला रंग कोणता, हे पाहिले तर इथल्या खेळाविषयी काही हाती लागेल. पण असा पुरावा देणारा नग गुणांच्या उतरंडीत तळाला असतो, आणि पुष्कळदा दुरुस्तीसाठी सुटे भाग म्हणून मोडला जातो.

युद्धपूर्व डिंकींच्या बाबतीत तर पेटी किंवा कपाटही कामाला येत नाही. त्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असत, आणि त्यात शिसे मिसळले गेले असल्यास धातू आतूनच फुगतो, तडकतो, शेवटी भुगा होतो. संग्राहक याला जस्ताची कीड म्हणतात. दमटपणा आणि उष्णता टाळली तर ती मंदावते, एकदा लागली की मात्र परतत नाही. मूल कधी खेळलेच नाही अशा मोटारींनाही ती लागते.