चार बोटांचं अंतर

चपला काढून हातात घ्या, इथं त्या रुतून बसतील. साल 1984. अजून नीट उजाडलेलं नाही आणि तुम्ही केरळातल्या पय्योळीच्या किनाऱ्यावर उभे आहात. वाऱ्याला सुकत्या मासळीचा वास आहे, त्यात पाण्यात कुजत घातलेल्या नारळाच्या सोडणांचा उग्र दर्प मिसळलाय. पलीकडं होडी लोटणाऱ्यांचा एका सुरातला आरडाओरडा चाललाय.

आता पळा. कोरडी वाळू पाय सोडत नाही, दहा पावलांत पोटऱ्या पेटतात. ओल्या वाळूवर जरा बरं वाटतं, तोच लाट गुडघ्यांवर आदळते. इतक्यात तुमच्या बाजूनं एक सडपातळ मुलगी सपसप पुढं निघून जाते. तिच्या टाचांनी उडवलेली वाळू तुमच्या ओठांवर खरखरते. ही पी. टी. उषा, जेमतेम विशीची. तिच्यावर नजर ठेवून आहेत तिचे प्रशिक्षक ओ. एम. नंबियार सर, पूर्वी हवाई दलात असलेले. सर थांब म्हणत नाहीत, तोवर ती थांबत नाही. तुम्ही मात्र केव्हाच खाली बसलात.

तोंडावरचं खारं पाणी पुसा. हात खाली येईपर्यंत आपण लॉस एंजेलिसला पोचलोय. ऑलिंपिकच्या खेळाडूंच्या भोजनगृहात ताटं भरभरून चाललीत. पण भाजलेले बटाटे आणि अर्धकच्चं कोंबडं उषाच्या घशाखाली उतरत नाही. ती भाताच्या पेजेवर लोणच्याची कैरी घेते. आपल्या कोकणातलीच पेज ही, आजाऱ्यालाही चालणारी. त्या पेजेवर तिला जगातल्या सर्वांत वेगवान मुलींशी धावायचंय. शेवटच्या काही मीटरांत अंगात त्राण उरलं नाही ते या खाण्यामुळं, असं ती पुढं सांगणार आहे.

8 ऑगस्ट. कोलिझियम स्टेडियमच्या बाकांवर दाटीवाटीनं बसा. शेजाऱ्याचा घामेजला खांदा तुमच्या खांद्याला घासतोय. बायकांची 400 मीटर अडथळ्यांची शर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच होतेय. वाटेत दहा अडथळे, प्रत्येक साधारण मांडीपर्यंत येणारा. उपांत्य फेरीत उषा पहिली आलीय, त्यामुळं तुमची छाती आधीच धडधडतेय.

पिस्तूल वाजतं. आणि लगेच पुन्हा! कुणीतरी आधीच सुटलंय. सगळ्यांना माघारी बोलावतात. ताणलेली तार सैल करून पुन्हा ताणायची, तसं होतं उषाचं. दुसऱ्यांदा मात्र सगळ्या एकदम सुटतात. गर्जना कानांत नाही, बरगड्यांत ऐकू येते. मोरोक्कोची नवल अल मुतवक्किल पुढं, मागं अमेरिकेची जूडी ब्राउन. शेवटचा अडथळा मागं पडतो, आता नुसते 40 मीटर. रुमानियाची क्रिस्तियाना कोजोकारू बाजूनं वर येतेय. छाती पुढं टाक, उषा! तुमचा आवाज त्या गोंगाटात बुडतो. दोघी रेषा ओलांडतात, पण उषाची छाती वेळेवर झेपावलेली नसते.

कोण तिसरी? कुणालाच कळत नाही. छायाचित्र तपासतात. घसा कोरडा पडतो. मग आकडे लागतात: कोजोकारू 55.41, उषा 55.42.

उजव्या हाताची चार बोटं एकमेकांना चिकटवून धरा. त्या वेगात सेकंदाच्या शंभराव्या भागात पाऊल सरकतं ते साधारण एवढंच. पदक आणि ती यांच्यामध्ये एवढीच जागा होती. शेजारी उठून निघालेत, तुम्ही अजून बोटांकडं बघताय.

चला, परत पय्योळीला. पुन्हा पहाट, पुन्हा तोच मासळीचा वास. कुणी नसेल म्हणून तुम्ही किनाऱ्यावर येता, तर ओल्या वाळूत पावलं उमटलेली दिसतात, लांब टांगांची, टाचा न टेकलेली. पुढच्या वर्षी जकार्ताच्या आशियाई अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत हीच पावलं 5 सुवर्णपदकं आणणार आहेत. वाकून एका ठशाशेजारी आपली चार बोटं टेकवा. वाळू गार आहे. पुढची लाट यायच्या आत दूरवर पावलांची सपसप ऐकू येते.