टू-स्ट्रोक डर्ट बाईकच्या इंजिनमधून ऑईल गळतंय? आधी ते कुठलं ऑईल आहे ते ओळखा

रविवारी मातीत गाडी पळवून आणली, धुतली, पार्किंगमध्ये लावली. सोमवारी बघावं तर इंजिनखालच्या फरशीवर काळा डाग. असा डाग दिसला की काही जण फोटो काढून ग्रुपवर टाकतात आणि काही जण जिथे ओलं दिसेल तिथे सिलिकॉन सीलंट फासतात. फोटो टाकणाऱ्यांना डझनभर निदानं मिळतात. सीलंटवाल्यांचा डाग काही दिवस लपतो.

पण टू-स्ट्रोक इंजिनमध्ये मोठा धोका जमिनीवर पडलेल्या ऑईलचा नसतो. काही गळत्या अशा असतात की जिथून ऑईल बाहेर येतं तिथूनच हवा आत शिरते. आत जास्तीची हवा गेली की पेट्रोलचं प्रमाण घटतं, इंजिन प्रचंड तापतं आणि पिस्टन बोअरमध्ये अडकतो. म्हणजेच इंजिन 'सीज' होतं. दोन बोटांत मावणाऱ्या ऑईल सीलपायी पिस्टन, बोअर आणि कधीकधी क्रँकचाही खर्च अंगावर येतो.

एका इंजिनात दोन ऑईल

आपल्याकडे टू-स्ट्रोक म्हटलं की यामाहा आरएक्स 100 आठवते. 1985 ते 1996 या काळात भारतात बनलेल्या या 98 सीसीच्या गाडीला टू-टी ऑईलची वेगळी टाकी आणि पंप होता. यामाहा वायझेड 125 सारख्या मोटोक्रॉसच्या गाड्यांमध्ये हा पंप नसतो. तिथे ऑईल थेट पेट्रोलमध्येच मिसळतात. मिश्रण 40 ला 1 असेल तर लिटरला 25 मिली, 32 ला 1 असेल तर साधारण 31 मिली.

पद्धत कुठलीही असो, हे ऑईल पेट्रोलसोबत जळून जाण्यासाठीच असतं. गिअरबॉक्स आणि क्लचसाठी दुसरं, वेगळं ऑईल असतं. ते जळायचं नसतं आणि कमीही व्हायचं नसतं.

म्हणून पहिली तपासणी बोटाने करायची. डागाचं ऑईल पातळ असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर ते मिश्रण आहे. दाट, तपकिरी आणि पेट्रोलचा वास नसलेलं असेल, तर गिअर ऑईल. याशिवाय दोन गोष्टी हमखास फसवतात. एक म्हणजे चेनवर मारलेलं ल्युब, जे पुढच्या स्पॉकेटवरून उडून इंजिनच्या डाव्या बाजूला जमतं. दुसरं म्हणजे एअर फिल्टरला जास्त लागलेलं ऑईल, जे हळूहळू खाली ठिबकतं. या दोघांच्या नादात चांगलं इंजिन उघडलं गेल्याचे किस्से गॅरेजमध्ये भरपूर ऐकायला मिळतात.

धुवा, पावडर मारा, बघा

चिखल आणि जुनं ऑईल माखलेल्या इंजिनवर गळती शोधणं अशक्य असतं. आधी इंजिन थंड असताना डिग्रीझरने धुऊन पूर्ण कोरडं करावं. मग संशय असलेल्या जोडांवर टाल्कम पावडरचा पातळ थर मारावा. दहा मिनिटं गाडी चालवून आणली की पांढऱ्या पावडरीवर ओला माग दिसतो. ऑईल खाली आणि वाऱ्याने मागे जातं, त्यामुळे मागाचं सर्वांत वरचं आणि सर्वांत पुढचं टोक शोधायचं. गळती तिथे असते.

हे करण्याआधी गिअरबॉक्सची ब्रीदर नळी बघून घ्यावी. गिअरबॉक्समधली गरम हवा याच नळीतून बाहेर पडते. ती चिखलाने बुजली की आत दाब तयार होतो आणि चांगल्या सीलमधूनही ऑईल बाहेर ढकललं जातं. ऑईल प्रमाणापेक्षा जास्त भरलं तरी तेच होतं. गाडी आडवी पडल्यावर या नळीतून थोडं ऑईल येणं मात्र नॉर्मल आहे. नळी साफ करायला एक रुपयाही लागत नाही, तरी ती सगळ्यात शेवटी बघितली जाते.

सायलेन्सरच्या जोडातून काळा, चिकट द्रव

डर्ट बाईकवाल्यांची सर्वांत कॉमन तक्रार हीच. हा अर्धवट जळलेला मिश्रणातला ऑईलचा भाग असतो. इंजिन नीट न तापवता चालवणं, सतत कमी आरपीएमवर फिरवणं किंवा कार्ब्युरेटरचं जेटिंग जास्त पेट्रोल देणारं असणं, ही त्याची नेहमीची कारणं. सिलिंडर आणि सायलेन्सरच्या जोडातली ओ-रिंग किंवा पॅकिंग खराब झालं की तो बाहेर ओघळतो.

इथे अनेक जण 'मग ऑईलच कमी टाकू' असं ठरवतात. ही चूक महागात पडते. ऑईल कमी केलं की त्याच जेटमधून उलट पेट्रोल थोडं जास्त जातं, वर बेअरिंग आणि पिस्टनचं वंगण घटतं. प्रमाण कंपनीने सांगितलेलंच ठेवावं, जेटिंग सुधारावं आणि जोडाची ओ-रिंग बदलावी.

जी गळती दिसतच नाही

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल, ऑईल आणि हवेचं मिश्रण आधी पिस्टनच्या खाली, क्रँककेसमध्ये येतं. पिस्टन वर गेला की तिथे हवा खेचली जाते, खाली आला की दाब तयार होतो. म्हणजे क्रँककेस हा पंपच आहे आणि तो हवाबंद असावाच लागतो. क्रँकच्या दोन्ही टोकांना असलेली दोन ऑईल सील हे काम करतात.

क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअर ऑईल आत खेचलं जातं आणि जळतं. बाहेर एक थेंबही पडत नाही, पण पांढरट दाट धूर येतो, प्लग काळा आणि ओला होतो आणि गिअर ऑईल दर फेरीला कमी होत जातं. उलट दाबामुळे मिश्रण गिअरबॉक्समध्येही घुसू शकतं. तेव्हा गिअर ऑईलला पेट्रोलचा वास येतो. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनमध्ये ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं तर संशय वॉटर पंपाच्या सीलवर घ्यावा. आणि आरएक्ससारखी पंपवाली गाडी रात्रभर उभी राहून सकाळी पहिल्या किकला गल्लीभर धूर करत असेल, तर पंपातून टू-टी ऑईल झिरपून क्रँककेसमध्ये साचत असण्याची शक्यता असते.

मॅग्नेटच्या बाजूचं सील जास्त घातक. तिथून कोरडी हवा आत जाते. ॲक्सिलरेटर सोडला तरी आरपीएम लगेच खाली येत नाही, गाडी आपोआप रेस होते आणि प्लगचं टोक पांढरट पडतं. अशी लक्षणं दिसली की 'एवढी राईड संपवून बघू' म्हणू नये. सीज होणारं इंजिन बहुतेकदा फुल थ्रॉटलवरच होतं आणि तेव्हा मागचं चाक लॉक होतं.

या गळतीची खात्री प्रेशर टेस्टने होते. कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर काढून दोन्ही तोंडं रबरी बुचांनी घट्ट बंद करतात. पिस्टन खाली आणतात आणि हातपंपाने साधारण 6 पीएसआय हवा भरतात. हा दाब 6 मिनिटं टिकायला हवा. मिनिटाला 1 पीएसआयपेक्षा वेगाने उतरला तर कुठेतरी फट आहे. मग साबणाचं पाणी मारून बुडबुडे शोधायचे: मॅग्नेटचं सील, सिलिंडरखालचं पॅकिंग, रीड व्हॉल्व्हचा जोड, हेड. गिअरबॉक्सच्या ब्रीदर नळीचं टोक पाण्यात धरल्यावर बुडबुडे आले, तर दोष क्लचच्या बाजूच्या सीलचा किंवा दोन केसमधल्या पॅकिंगचा. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर इथे अजिबात लावू नये. जास्त दाबाने चांगलं सीलही जागेवरून निसटतं.

चालू इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून आरपीएम बदलतो का बघण्याची युक्ती व्हिडिओंमध्ये दिसते. क्लीनर ज्वलनशील आणि इंजिन गरम, त्यामुळे ती टाळलेली बरी.

दुरुस्ती करताना

पुढच्या स्पॉकेटमागचं सील, गिअर शाफ्टचं सील आणि किक शाफ्टचं सील बाहेरून बदलता येतात. स्पॉकेटच्या मागे एक स्पेसर आणि त्याच्या आत ओ-रिंग असते. नुसतं सील बदललं आणि ओ-रिंग जुनीच ठेवली की ऑईल पुन्हा येतं. स्पेसरवर नखाला लागेल असा चर पडला असेल तर तोही बदलावा.

मॅग्नेटच्या बाजूसाठी फ्लायव्हील काढावं लागतं आणि ते पुलरनेच काढायचं. हातोड्याने ठोकलं तर क्रँक वाकतो. सील काढताना स्क्रू ड्रायव्हरचा ओरखडा शाफ्टवर पडला की नवं सीलही गळणार. नव्या सीलच्या कडेला ग्रीस लावावं, स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे ठेवावी आणि सगळीकडून सारखं दाबून बसवावं. क्लचकडचं सील काही इंजिनांत आतून बसतं, तेव्हा पूर्ण इंजिन उघडण्याशिवाय इलाज नसतो. सील बसवण्याआधी क्रँक हाताने वर-खाली हलवून बघावा. हलत असेल तर मेन बेअरिंग गेलेलं आहे आणि नवं सील थोड्याच दिवसांत तसंच फाटेल.

क्लच कव्हर गळत असेल तर दोन्ही पृष्ठभाग जुनं पॅकिंग न खरवडता, रिमूव्हरने साफ करून नवं पॅकिंग टाकावं. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं आणि सुटतं, म्हणून सिलिंडर आणि रीड व्हॉल्व्हच्या जोडाला ते वापरू नये. ड्रेन बोल्टला दर वेळी नवा वॉशर लागतो. गळती थांबत नाही म्हणून बोल्ट आवळत राहिलं तर ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि काम लेथवाल्याकडे पोहोचतं.

सगळं बसवल्यावर गिअर ऑईल मोजून भरावं आणि आकडा लिहून ठेवावा. दोन-तीन राईडनंतर ते काढून पुन्हा मोजावं. बाहेर डाग नाही, पण भरलेल्यापेक्षा 50 ते 100 मिली कमी निघालं, तर क्लचच्या बाजूचं सील अजूनही ऑईल खातंय.